तेरीज जुळते, हिशेब जुळत नाही



या सदरात 'आत्मविकास' हा शब्द आला की एखादे तरी पत्र हमखास येते. "तुम्ही बौद्ध ना? मग आत्मा कुठून आणलात?" प्रश्न रास्त आहे. धम्मात आत्म्याला जागा नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्यावरील विश्वासाला स्पष्टपणे अधम्म म्हटले आहे. तेव्हा आधी शब्दाचाच निकाल लावू. आपण ज्याला आत्मविकास म्हणतो तो मनाचा विकास. पालीत त्यासाठी 'भावना' असा शब्द आहे. मराठीत भावना म्हणजे मनातली लहर. पालीत मात्र भावना म्हणजे घडवणे, वाढवणे, मशागत करणे. मैत्रीभावना म्हणजे डोळे मिटून मैत्रीची आठवण काढणे नव्हे. शेतकरी जशी जमीन नांगरतो, कुळवतो, तण काढतो, तशी मनात मैत्री पिकवणे, असा तो अर्थ आहे.

आत्मा नाही म्हटल्यावर आणखी एक गोष्ट ओघानेच येते. "त्याचा मूळ स्वभावच तसा आहे, त्याला कोण काय करणार?" हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. पण मूळचा, कायमचा, न बदलणारा असा काही आत नसेलच, तर माणूस हा त्याच्या रोजच्या कृतींनी घडलेला असतो. जे घडले आहे ते पुन्हा वेगळे घडवता येते. अंगुलिमालासारखा दरोडेखोर भिक्खू झाला तो याच न्यायाने. ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. पण तिची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. वाईटपणा जसा कायमचा नाही, तसा चांगुलपणाही कायमचा नाही. कालच्या चांगुलपणावर आज व्याज खाता येत नाही.

शिक्षापद म्हणजे काय?

आपण विहारात, घरात, लग्नात, पुण्यानुमोदनात पंचशील म्हणतो. लहान मुलांनाही ते तोंडपाठ असते. प्रत्येक शीलात तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात: 'वेरमणी', 'सिक्खापद' आणि 'समादियामि'. वेरमणी म्हणजे दूर राहणे. समादियामि म्हणजे मी स्वतःहून स्वीकारतो. आणि सिक्खापद म्हणजे शिक्षापद. इथे शिक्षा म्हणजे दंड नव्हे. शिक्षा म्हणजे शिकणे, आणि पद म्हणजे पाऊल.

म्हणजे पंचशील ही कोणा देवाने वरून सोडलेली आज्ञा नाही. देवच नाही, तर आज्ञा कोण देणार? ते आपण आपल्या हाताने घेतलेले शिकण्याचे पाऊल आहे. जिथे शिकणे आले तिथे इयत्ता आल्या. पहिलीतल्या मुलाला सातवीचे गणित आले नाही म्हणून कोणी त्याला नालायक ठरवत नाही. पण तोच मुलगा दहा वर्षे पहिलीतच बसून राहिला, तर मात्र घरच्यांनी काळजी करायला हवी.

सारनाथला पाच परिव्राजकांना दिलेले पहिले प्रवचन सांगताना बाबासाहेबांनी मार्गाचे तीन भाग मांडले आहेत. पंचशील हा विशुद्धीचा मार्ग, अष्टांगिक मार्ग हा सदाचाराचा मार्ग आणि दहा पारमिता हा शीलमार्ग. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही असाच चढ दिसतो. सुरुवातीच्या प्रतिज्ञा सोडण्याच्या आहेत: जुने देव, अवतार, श्राद्धपक्ष. पुढच्या प्रतिज्ञा धरण्याच्या आहेत: अष्टांगिक मार्ग, पारमिता, करुणा, खरे बोलणे, दारू न पिणे. सोडण्याचे काम आपल्या आई-वडिलांच्या पिढीने मोठ्या धैर्याने केले. गावकीची कामे टाकली, देव्हारे रिकामे केले, त्यापायी बहिष्कारही सोसला. धरण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे. ते एका दिवसात, एका सभेत होणारे नाही.

पाच उत्तरे

माझा जन्म कारकुनीत गेला, म्हणून उदाहरण कचेरीतलेच देतो. नवऱ्याच्या निधनानंतर एक म्हातारी बाई कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन टेबलापाशी उभी आहे. पदराच्या गाठीत काही नोटा आहेत. कारकुनाने त्या घेतल्या नाहीत. का घेतल्या नाहीत? याची पाच उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर भीतीचे. लाचलुचपतवाले सापळा लावतील, नोकरी जाईल. दुसरे उत्तर लाजेचे. घरी मुलगी विचारेल, समाजाचे नाव खराब होईल, स्वतःलाच आरशात बघवणार नाही. तिसरे सवयीचे. वीस वर्षांत कधी घेतले नाहीत, हात पुढे होतच नाही. चौथे समजुतीचे. दुसऱ्या शीलातला 'अदिन्नादान' हा शब्द त्याला कळला आहे. जे मनापासून दिलेले नाही ते घेणे म्हणजे चोरी. बाई नोट पुढे करते आहे, पण ती देत नाही. तिची अडचण ती देते आहे.

पाचवे उत्तर करुणेचे. या पायरीवरचा कारकून नुसता न घेऊन थांबत नाही. तो बाईला बसायला खुर्ची देतो, कोणता दाखला कमी आहे ते कागदावर लिहून देतो, अर्ज भरून देतो, आणि पुढच्या वेळी कोणाला भेटायचे ते समजावून सांगतो. पहिल्या चार पायऱ्यांवर 'न करणे' आहे. पाचवीवर 'करणे' सुरू होते. शीलाला करुणेची जोड मिळते ती इथे.

भीतीची पायरी हलकी मानू नका. बुद्धांनी 'हिरी' आणि 'ओत्तप्प' यांना जगाचे दोन राखणदार म्हटले आहे. हिरी म्हणजे वाईट करण्याची आतून वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे परिणामांचे आणि लोकनिंदेचे भय. हे दोन पहारेकरी नसते तर कोणाचेच घर सुरक्षित राहिले नसते. पण भीतीचा पहारा साहेब खुर्चीत असेपर्यंतच टिकतो, आणि लाजेचा पहारा लोक बघत असेपर्यंत ढळत नाही. दार लावून घेतल्यावर कोण पहारा देणार? तिथे समज आणि करुणाच उपयोगी पडतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शाळेत मुलाचे सगळे विषय एकाच इयत्तेचे असतात. मनाच्या शाळेत तसे नसते. एकच माणूस दुसऱ्या शीलात पाचव्या पायरीवर असतो, कोणाच्या पैशाला शिवत नाही, आणि पाचव्या शीलात, म्हणजे दारूच्या बाबतीत, पहिल्या पायरीवरही उभा राहिलेला नसतो. बाहेर तो आदर्श कार्यकर्ता असतो. त्याचे खरे वय फक्त घरातल्यांना माहीत असते.

न दिसणाऱ्या तीन चुका

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी तेरीज शिकवतात. ज्यांचा हिशेबाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक व्यवहार दोन बाजूंना लिहायचा, एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. शेवटी सर्व खात्यांच्या शिल्लका एका कागदावर मांडून दोन्ही बाजूंची बेरीज करायची. ती सारखी आली की तेरीज जुळली. कारकून सुस्कारा सोडतो. पण शिक्षक लगेच दुसरा धडा देतात. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नका. काही चुका अशा असतात की त्या असूनही बेरीज तंतोतंत जुळते. त्यांपैकी तीन चुका मला माणसांच्या आयुष्यात रोज दिसतात.

पहिली, वगळणुकीची चूक. व्यवहार वहीत लिहिलाच नाही, तर दोन्ही बाजूंना तो नाही, म्हणून बेरीज जुळते. आपण जातिव्यवस्थेविरुद्ध बोलतो, लिहितो, मोर्चे काढतो. ते सगळे जमेला धरतो. पण वस्तीतला मैला साफ करायला येणाऱ्या माणसाला पाणी कोणत्या भांड्यातून दिले? सोयरीक ठरवताना पोटजात आडवळणाने का होईना विचारली की नाही? हे व्यवहार वहीत चढतच नाहीत. म्हणून आपली तेरीज नेहमी जुळते.

दुसरी, तत्त्वाची चूक. रक्कम बरोबर, पण खाते चुकीचे. नवी खोली बांधल्याचा खर्च डागडुजीत टाकला तरी बेरीज बिघडत नाही, हिशेब मात्र खोटा होतो. तसेच आपण मारझोडीला 'शिस्त' या खात्यात लिहितो, हुंड्याला 'मानपान' म्हणतो, रागाला 'स्वाभिमान' म्हणतो, आणि भित्रेपणाला 'समंजसपणा'. शब्द बदलला की मन शांत होते. सम्यक वाचा ही दुसऱ्याशी खरे बोलण्यापुरती नाही. स्वतःच्या कृतीला तिचे खरे नाव देणे हीही सम्यक वाचाच आहे.

तिसरी, भरपाईची चूक. एका खात्यात शंभर कमी लिहिले, दुसऱ्यात तेवढ्याच रकमेची उलटी चूक झाली. दोन चुका एकमेकींना झाकतात. या चुकीबद्दल एका भगिनीचे पत्र माझ्यासमोर आहे. नाव-गाव सांगत नाही. त्यांचे पती विहाराचे काम पाहतात. बुद्धपौर्णिमेला त्रिशरण-पंचशील तेच देतात. विहारात त्यांनी पंखा दान दिला, त्याच्या पात्यांवर त्यांचे नाव रंगवलेले आहे. त्याच महिन्यात मुलाच्या परीक्षेची फी भरायची राहिली. रात्री ते पिऊन येतात आणि हात उचलतात. भगिनी लिहितात, "मी त्यांना काही बोलले तर म्हणतात, क्षांती ही पारमिता आहे, तू सहन करायला शीक. भाऊ, धम्म खरेच असे सांगतो का?"

ताई, धम्म असे सांगत नाही. क्षांती म्हणजे द्वेषाला द्वेषाने उत्तर न देणे. मार खात राहणे म्हणजे क्षांती नव्हे. क्षांती ही ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यायची असते. मारणाऱ्याने मार खाणाऱ्याला ती शिकवायची नसते. हीच ती तत्त्वाची चूक, जुलूम पारमितेच्या खात्यात लिहिण्याची. शिवाय दहा पारमितांना प्रज्ञेची जोड हवी, असे बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. प्रज्ञेवाचून क्षांती म्हणजे नुसती गुलामी.

बाबासाहेबांची स्त्रियांबद्दलची भूमिका काय होती? २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे आणि त्याची दासी होण्यास नकार द्यावा. १९५१ साली त्यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिल रखडवले गेले हे एक मोठे कारण होते. अशा माणसाचा फोटो भिंतीवर लावून त्याच भिंतीशी बायकोला मारणारा किती वेळा पंचशील म्हणतो याला काय किंमत?

म्हणून ताई, आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चाची रक्कम, हे सर्व त्यात मागता येते. १८१ या क्रमांकावर महिलांना मदत मिळते. कायद्याकडे जाणे म्हणजे घर मोडणे नव्हे. घर कोणी मोडले ते आधीच ठरलेले असते. आणि विहाराच्या इतर कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, हा त्यांच्या घरचा मामला म्हणून बाजूला होऊ नका. पंख्यावरचे नाव राहू द्या, पण पंचशील देण्याची जागा काही काळ दुसऱ्याला द्या.

दारूबद्दल वेगळे काय लिहू? सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला तिचे सहा तोटे सांगितले आहेत: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव जाते, लाज जाते, बुद्धी मंदावते. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला, आणि चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे अंदाजपत्रक आजच्या पगारदारानेही भिंतीवर लावावे असे आहे.

राहुलचा धडा

मग या न दिसणाऱ्या चुका शोधायच्या कशा? राहुल हा बुद्धांचा पुत्र. तो लहान श्रामणेर असताना बुद्धांनी त्याला खोटे बोलण्याबद्दल उपदेश केला. पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, ते फेकून दिले, मग भांडे उपडे केले, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असेच रिते असते हे समजावले. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, बघण्यासाठी. तसेच प्रत्येक कृतीकडे, बोलण्याकडे, विचाराकडे तीन वेळा बघावे, असे बुद्धांनी सांगितले. करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावर. यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते आहे का? सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटजवळच्या शिलालेखात जे मोजके उपदेश वारंवार ऐकावेत म्हणून नमूद केले, त्यांत खोटे बोलण्यासंबंधीचा हा राहुलोवाद आहे.

हिशेबनीसाला ही पद्धत ओळखीची वाटेल. खर्चाआधी मंजुरी, खर्च करताना पावती, खर्चानंतर तपासणी. पैशाच्या बाबतीत आपण हे काटेकोर पाळतो. बोलण्याच्या बाबतीत मंजुरी, पावती, तपासणी काहीच नसते.

आणि तपासणीचा एक नियम सर्वांना ठाऊक आहे. ज्याने वही लिहिली, त्याने स्वतःच ती तपासायची नसते. मनाच्या बाबतीत मात्र आपणच लिहिणारे, आपणच तपासणारे आणि आपणच सही करणारे. बाबासाहेबांच्या मते माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्म लागतो. मग माझी प्रगती झाली की नाही हे सांगण्याचा अधिकारही त्या दुसऱ्या माणसाचाच. माझ्याजवळ राहणाऱ्यांचे भय कमी झाले का, ही खरी मोजपट्टी. ध्यानाला किती वेळ बसलो, किती ग्रंथ वाचले, हे नंतर.

घरातली पवारणा

भिक्खू संघाने यासाठी फार सुंदर रीत घालून दिली आहे. वर्षावासात तीन महिने एकत्र राहिल्यावर शेवटी पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की, माझ्या वागण्यात तुम्ही काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका असेल, तर माझ्यावर करुणा करून सांगा. आणि ही विनंती सर्वांत आधी थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू करतो. लहानांची पाळी नंतर येते.

आपण वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन करतो, समारोपाला भोजनदान करतो. ते चालू ठेवावेच. पण आश्विन पौर्णिमेला घरातही एक पवारणा करावी, अशी माझी सूचना आहे. जेवण झाल्यावर सर्वांनी बसावे. घरातल्या मोठ्याने सुरुवात करावी. ज्याच्या हाती पैसा आणि अधिकार आहे त्याने आधी विचारावे, "माझ्या वागण्याने तुमच्यापैकी कोणाला काय दुखले?" आणि मग गप्प बसावे. खुलासा नाही, "पण तू सुद्धा" नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा वचपा नाही. पहिल्या वर्षी कोणी काही बोलणार नाही. मुले खाली बघतील. त्या शांततेचाही अर्थ असतो. तो घरातल्या भीतीचा आकडा समजावा. दुसऱ्या वर्षी एखादे मूल चाचरत काही सांगेल. ते त्याने सांगितले आणि त्याला काही झाले नाही, एवढे झाले तरी त्या घराने एक इयत्ता ओलांडली म्हणायचे.

ज्या घरात हात उचलला जातो, त्या घरात मात्र हा प्रयोग बायकांनी आणि मुलांनी सुरू करायचा नाही. तिथे आधी हात थांबला पाहिजे. विचारण्याची जबाबदारी बलवानाची आहे.

वर्षभरासाठी एक साधी वही पुरे. रोज रात्री तीनच ओळी. आज कोणाला दुखावले, आज कोणाच्या उपयोगी पडलो, आणि आज कोणत्या गोष्टीला खोटे नाव दिले. हिशेबात ज्या रकमेचे खाते लगेच ठरत नाही ती उचंती खात्यात टाकतात, पण वर्षअखेर ते खाते मोकळे करावे लागते. आपल्या मनात भावाबद्दल, शेजाऱ्याबद्दल, एखाद्या सहकाऱ्याबद्दल कितीतरी गोष्टी वर्षानुवर्षे उचंतीत पडून असतात. त्यांचा निकाल लावायला पवारणेइतका चांगला दिवस नाही.

आपल्या घरी हा प्रयोग केलात तर काय घडले ते अवश्य कळवा. नाव छापले जाणार नाही. पुढील लेखात 'अधिष्ठान' या पारमितेबद्दल, म्हणजे धरलेला निश्चय अर्ध्यावर का सुटतो याबद्दल लिहीन.

नमो बुद्धाय. जयभीम.